वामन गुरुजी आणि स्वयंपाकघरातले प्रश्न

तुमच्या शाळेत सगळ्यात हुशार कोण, असं साखरशेतच्या वामन गुरुजींना कोणी विचारलं की ते आठवीतल्या दोन-तीन मुलांची नावं सांगायचे. मनात मात्र एकच नाव असायचं, आणि ते घ्यायला जीभ रेटायची नाही. ते नाव शाळेच्या स्वयंपाकिणीचं होतं.

गुरुजी म्हणजे आमच्या पाड्यातले पहिले बी.एस्सी. बी.एड. बाप पावसाळाभर नागली-भात करायचा आणि बाकीचे महिने ठाण्याकडं विटा थापायला जायचा. पोरगा जव्हारच्या वसतिगृहात पातळ आमटी पिऊन शिकला आणि मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञानाचा मास्तर झाला. त्याला आता एकवीस वर्षं झाली. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्यांनी करगोट्याला बांधलेली. आंघोळीलासुद्धा ती सोबत. कपाटात सूक्ष्मदर्शक होता, तो ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आला त्याच पिशवीत अजून होता. बाहेर काढला तर मुलं मोडतील.

आमच्याकडं लेकरांना पोसां म्हणतात. घरात, रानात, भांडणात, सगळीकडं पोसां. गुरुजी शाळेत चुकूनही तो शब्द उच्चारायचे नाहीत. 'मुले' म्हणायचे, आणि शेवटचा 'ले' असा ताणायचे की वाटावं पुण्याला पोचूनच थांबणार.

त्यांची शिकवण्याची रीत साधी होती. प्रश्न फळ्यावर लिहायचा, उत्तर तोंडी सांगायचं, मुलांनी ते वहीत उतरवायचं आणि संध्याकाळी घोकायचं. 'टेकूभोवती फिरणाऱ्या दांड्यास तरफ म्हणतात' हे वाक्य सगळा वर्ग देवीच्या गाण्यासारखं एका सुरात म्हणायचा. खोटं कशाला बोला, त्या रीतीनं पोरं पास व्हायची. आईबापांची तक्रार नव्हती. पण एकवीस वर्षांत कुठल्या मंडपात, कुठल्या माइकवरून गुरुजींचं नाव कोणी पुकारलं नव्हतं. तालुक्याच्या कार्यक्रमाला गुरुजी दरसाल धुतलेला शर्ट घालून जायचे, दुसऱ्याच्या गळ्यातला हार बघायचे आणि जेवून परत यायचे.

सुकरी त्याच शाळेत तीनशे ताटांचा स्वयंपाक करायची. तीही आमच्याच पाड्याची. तिसरीपर्यंत ती आणि वामन एका चटईवर बसायचे. मास्तरांनी हिशेब घातला की वामन पाटीवर आकडे मांडत असायचा, तोवर ही बोटांवर उत्तर सांगून नाक पुसत असायची. चौथीत तिच्या कडेवर भाऊ आला, मग बहीण आली, आणि शाळा सुटली. तिनं कधी त्याची आठवण काढली नाही. पण जळणाऱ्याला आठवण करून द्यावी लागत नाही.

परवाच्या साली सरकारी प्रशिक्षण आलं. पाच दिवस मास्तरांना बसवून सांगितलं की विज्ञान, तंत्र, बांधणी आणि गणित वेगवेगळ्या ताटात वाढू नका, एकत्र कालवा. मुलांना आसपासचा एखादा खरा प्रश्न घेऊ द्या, त्यावर त्यांनाच युक्ती काढू द्या, चुकू द्या, पुन्हा करू द्या. साहेब लोक त्याला 'स्टेम' म्हणत होते. गुरुजी पाचही दिवस पुढच्या बाकावर बसले आणि सगळं शब्दाला शब्द उतरवून घेतलं. शेवटच्या दिवशी सांगण्यात आलं की दिवाळीआधी जिल्ह्याच्या मॅडम शाळाशाळांतून फिरतील, आणि तालुक्यातून एकाच शिक्षकाला पालघरला बोलावतील. दोनशे मास्तरांपुढं उभं राहून आपल्या वर्गाची गोष्ट सांगायची.

गुरुजींनी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी विचारलं, "मुले, आपल्या परिसरातील समस्या सांगा."

समस्या हा धडा पुस्तकात कितवा, हे कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी चैती उठली. वावर गावाकडची काटकुळी पोरगी, बोलायला लागली की मान तिरकी करायची. "गुरुजी, शाळेच्या भातावर पोपटं पडतात. आम्ही पाळीनं माचावर बसून डबा वाजवतो. मग तुमचा तास बुडतो. आम्ही नसताना डबा वाजवील असं काय करता येईल?"

शाळेचं भाताचं वावर ओहोळाच्या काठाला होतं. आश्विनात ओहोळ अजून वाहत होता. पाण्याकडून काम करून घ्यावं, हे मुलांनीच सुचवलं. कळकाचं, म्हणजे बांबूचं, दोन पेरांचं एक नळकांडं आडव्या खिळीवर टांगायचं. एका टोकाला तोंड, त्यात पन्हळीतून पाणी पडेल. भरलं की तोंड खाली झुकेल, पाणी सांडेल, मग दुसरं टोक आपटून दगडावर वाजेल. ठक्! गुरुजींना मनातून आनंद झाला. ही तर तरफ! त्यांनी फळ्यावर पट्टीनं चित्र काढलं. सरळ नळी, बरोबर मध्यावर टेकू, डावीकडं भार, उजवीकडं बल. वर सूचना लिहिली, की तोंड रुंद बाजूस ठेवावे म्हणजे पाणी जास्त मावेल.

मुलांनी चित्राबरहुकूम केलं. पाणी सोडलं. नळकांडं भरलं, झुकलं, पाणी सांडलं आणि तसंच पालथं पडून राहिलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा पालथं. गुरुजी म्हणाले, "टेकू अर्धा सेंटिमीटर सरकवा." सरकवला. पालथं. पोपटं शेजारी बसून कणसं सोलत होती.

सुकरी भांडी घासायला ओहोळावर आली होती. ती थोडा वेळ उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"काय नीही बा." नाही म्हणायला आम्ही नीही म्हणतो, मला म्हणायला माना. "पोसांनो, एवढं सांगा माना. ते पालथं पडलं, मग त्याला उठवायचं कोणी?"

एका पोरानं वाकून ते पुन्हा हातानं उभं केलं.

"आणि बूड वर, शेंडा खाली कोणाच्या दारात धरतात?"

चैतीनं जीभ चावली. "मयताच्या!"

"मग कोण मेलं? पोपट?"

अख्खा वर्ग ओहोळात बसून हसला. आमच्या पाड्यांत घर असो, मांडव असो, कुंपण असो, बांबूचं बूड खालीच राहतं. उलटा बांबू फक्त मढ्याच्या कामात धरतात. चार वर्षांच्या लेकराला हे कळतं. बी.एस्सी.त गुरुजींनी नळी पाहिली होती, बांबू ते विसरले होते. बाहेरून बूड रुंद दिसतं, पण त्याची भिंत जाड आणि पोकळी बारीक. पाणी त्यात कमी मावतं आणि तोंडच जड होऊन बसतं. रिकामं झाल्यावर ते वर कशाला येईल?

चैतीनं नळकांडं फिरवलं. बूड शेपटीला, शेंडा तोंडाला. खीळ कुठं मारायची यावर तासभर वाद झाला. कोणी वाटीनं पाणी मोजलं, कोणी दोरीवर तोलून पाहिलं. पाचव्या भोकाला नळकांडं झुकलं, सांडलं, उठलं आणि दगडावर आपटलं. ठक्! पोपटांचा थवा हिरव्या चादरीसारखा उडाला. पोरं नाचली. सुकरी घासलेली पातेली डोक्यावर घेऊन केव्हाच निघून गेली होती.

गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, कारण डाळ सुकरीनं केली होती आणि ती चांगली झाली होती.

तिथून पुढं वर्गाला एक नवी खोड लागली. काही अडलं की पोरं स्वयंपाकघराच्या दारात. सुकरी उत्तर देत नसे. तिला येतही नसेल. ती कांदा चिरता चिरता एखादा प्रश्न टाकायची, आणि पोरं तो प्रश्न विंचू सापडावा तशी जपून वर्गात घेऊन यायची. प्रयोगशाळेच्या खिडकीतून ते दार समोर दिसायचं. गुरुजी वह्या तपासायला खिडकीतच बसायचे. एका तासात 'सुकरीमावशी म्हणली' हे शब्द किती वेळा येतात ते त्यांनी एकदा मोजलं. अकरा वेळा. 'गुरुजी म्हणाले' दोन वेळा, त्यातली एक शौचालयाच्या साबणाबद्दल.

आणखी तीन दिवसांनी पोपटं त्या ठकठकीला सरावली. दगडाशेजारी बसून खायला लागली. गुरुजी म्हणाले, "दगड मोठा घ्या, आवाज वाढवा." पोरं स्वयंपाकघरात गेली आणि खिदळत परत आली.

"काय म्हणाली?" गुरुजींनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

चैती म्हणाली, "सुकरीमावशी म्हणली, रोज त्याच टायमाला शिव्या देणाऱ्या सासूला सून भिते काय?"

सगळी पोरं हसली. गुरुजींनाही हसू आलं, ते त्यांनी खोकून दडवलं. मग पोरं कामाला लागली. बारीक पेराचं दुसरं नळकांडं केलं. पहिलं सत्तावीस सेकंदांनी वाजायचं, हे वीस सेकंदांनी. कधी हे आधी, कधी ते, तर कधी लागोपाठ. दोन्ही एकदम सोडली तर पुन्हा एकदम कधी वाजतील, असं कोणीतरी विचारलं. चैतीनं मातीत काडीनं आकडे मांडले आणि म्हणाली, "गुरुजी, हा लसावि आहे! पाचशेचाळीस. नऊ मिनिटांनी!" नऊ मिनिटं सगळे श्वास धरून बसले. दोन्ही नळकांडी एकदम वाजली आणि पोरांनी असा गलका केला की हेडमास्तर चप्पल न घालता धावत आले.

लसावि गुरुजींनी दहा वेळा शिकवला होता. कोणी गलका केला नव्हता.

त्याच संध्याकाळी हेडमास्तर हसत हसत बोलून गेले, "वामनराव, पालघरला तुम्ही जाता की सुकरीला पाठवू?" थट्टाच होती. पण लाकडाच्या आत शिरलेल्या किड्यासारखी ती गुरुजींना रात्रभर कुरतडत राहिली. एकवीस वर्षं खडू आपण खाल्ला, आणि नाव हिचं? जिला 'ऊर्जा' लिहिता येत नाही तिचं?

सकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खडूनं जाड रेघ ओढली. "आरोग्याचे नियम आहेत," त्यांनी वर्गाला सांगितलं. "अन्न शिजते तेथे मुलांनी जायचे नाही. जो जाईल त्याचे नाव मी वर कळवीन."

मग ते सुकरीला सांगायला गेले. ती तांदूळ निवडत होती. भोवती पोरं नसली की ती गुरुजी म्हणत नसे.

"नियम आहे सुकरे. माझ्या हातात नाही."

"तुझ्याच हातात खडू आहे वामन." तिनं मान वर केली नाही. "बरं झालं. माझी भाकर करपत हती पोसांच्या नादात."

ती भांडली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

रेघेनं काम चोख केलं. वर्ग शांत झाला. पोरं पूर्वीसारखी हाताची घडी घालून बसली. चैती तिसरं नळकांडं करणार होती, त्याचा बांबू भिंतीला तसाच टेकून राहिला. गुरुजींनी विचारलं, "का गं, पुढे काय करणार?" ती म्हणाली, "तुम्ही सांगा गुरुजी, लिहून घेते." तिची मानही सरळ होती. गुरुजींनी मग सांगितलं. तरफेची व्याख्या, टेकूचे स्थान, लसाविचा उपयोग, समारोप. दोन पानं भरली. पोरांनी पाठ केलं. गुरुजींना जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि खिडकीतून बघायला आता काही उरलं नव्हतं. तरी ते बघायचेच. रिकामं दार, धूर, आणि आत एकटीच काहीतरी गुणगुणणारी सुकरी. तिला काही कमी पडल्यासारखं दिसत नव्हतं. ते त्यांना जास्त लागलं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मॅडम आल्या. मध्यम वयाच्या, पायात बूट. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, सरळ ओहोळावर गेल्या. नळकांडी वाजत होती. मॅडमना मजा वाटली. त्यांनी एका पोराला विचारलं, "हे कसं चालतं?"

पोरानं डोळे मिटून म्हटलं, "टेकूभोवती फिरणाऱ्या दांड्यास तरफ म्हणतात. प्रस्तुत उपकरणात..."

मॅडमनी दुसऱ्याला विचारलं. तेच वाक्य, त्याच सुरात. मग त्या चैतीसमोर उकिडव्या बसल्या. "पक्षी याला पण सरावले तर काय करशील?"

चैतीनं गुरुजींकडं पाहिलं. "ते... आमच्या वहीत नाही बाई."

मॅडमनी मान हलवली. चेहरा उतरला. पण नळकांड्यावरचा डोळा हटेना. त्यांनी हात लावून पाहिलं, बुडाकडची जाड भिंत चाचपली. "हे मात्र फार डोकं लावून केलंय. जड बाजू शेपटीला. लाकूड ओळखणाऱ्या माणसाचं काम आहे. कोणी सुचवलं?"

पन्हळीतून पाणी पडत होतं. चैतीनं पुन्हा गुरुजींकडं बघितलं आणि खाली मान घालून म्हणाली, "गुरुजींनी."

"गुरुजींनी," मागची पोरं म्हणाली. एका सुरात. हे कोणी पाठ करून घेतलं नव्हतं.

"वा!" मॅडम उठल्या, त्यांनी पिशवीतून कागद काढला. "नाव काय तुमचं सर?"

एकवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं. तोंड उघडून 'वामन' म्हणायचं, बस. हेडमास्तर हसून मान डोलावत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण शाळेचं नाव होत असेल तर त्यांचं काय जात होतं?

लोक पुढं म्हणाले की गुरुजींचं मन मोठं. मी तसं म्हणणार नाही. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. त्यांच्या पोटात त्या वेळी जी आग होती ती मोठ्या मनाची नव्हती. पालघरच्या मांडवात हार आपल्या गळ्यात पडेल, आणि प्रत्येक फूल सांगेल की हे तिचं आहे, हे त्यांना दिसलं. ती इथं भांडी घासत हसत असेल. तिसरीतही तिनं सांगितलेलं उत्तर त्यांनी पाटीवर कधी उतरवलं नव्हतं. हात मागं घेऊन मार खाल्ला होता, पण उतरवलं नव्हतं.

"खोटं बोलतात," गुरुजी एकदम म्हणाले. आवाज एवढा चढला की मॅडम दचकल्या. "माझं नाही ते. माझं उलटं होतं. माझं पालथं पडत होतं. मला तिचं उष्टं नको."

"तिचं म्हणजे कोणाचं?"

"सुकरीचं. स्वयंपाकिणीचं. पोसां तिच्याकडं जायची, मी बंद केलं." भर सरकारी पाहुणीपुढं गुरुजींच्या तोंडून पोसां निघालं आणि त्यांना कळलंही नाही.

सुकरीला बोलावलं. ती पिठाचे हात तसेच घेऊन आली, रेघेजवळ थबकली, रेघ ओलांडून बाहेर आली.

"मावशी, तुम्ही मुलांना काय शिकवलं?" मॅडमनी विचारलं.

"मी कसं शिकवीन बाई? मी तिसरी. इचारलं फक्त. माना ठावं नीही ते इचारलं."

"म्हणजे?"

सुकरीनं नळकांड्यांकडं पाहिलं. थोडा वेळ ऐकलं. मग पोरांकडं वळून म्हणाली, "काय रं, ओहोळ माघात आटतो. मग ही कशावर वाजायची?"

चैतीची मान हळूच तिरकी झाली. "मावशी... वारा तर माघात असतो!" दुसरा म्हणाला, "वाऱ्यानं भरंल काय ते, येड्ये?" "भरायला कशाला पाह्यजे, फिरवूया!" "फिरलं तर आपटंल कसं?" पाच जण एकदम बोलायला लागले, एकानं भिंतीचा बांबू ओढून आणला, आणि मॅडमकडं कोणाचंच लक्ष राहिलं नाही. त्या कागद हातात घेऊन अर्धा तास तशाच उभ्या राहिल्या. काही लिहिलं नाही.

महिन्यानं चिठ्ठी आली. पालघरला दोघांनी यायचं, विज्ञान शिक्षक आणि स्वयंपाकीण. मांडवात सुकरीला माइक दिला तर तिनं तो लाटण्यासारखा धरला आणि समोरच्या दोनशे मास्तरांनाच प्रश्न विचारायला लागली. मास्तर हसले, मग आपसात वाद घालायला लागले. गुरुजींनी आपल्या वाट्याला आलेली पाच मिनिटं नळकांडं कसं पालथं पडलं हे सांगण्यात घालवली. टाळ्या दोघांनाही पडल्या. तिला जास्त पडल्या, हे गुरुजी मला दोनदा सांगून गेले.

जळणं काही गेलं नाही. परवा भेटले तेव्हाही म्हणाले, "ती काय रे, बोलून मोकळी होते, परीक्षा तर मला घ्यावी लागते." पण खडूची रेघ त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसली, आणि आठवीचा एक तास आता स्वयंपाकघराच्या ओट्यापुढं भरतो. गुरुजी मागच्या बाजूला, पोरांत बसतात.

मध्यंतरी मॅडम पुन्हा येणार अशी आवई उठली. गुरुजी आदल्या दिवशी दुपारीच सुकरीकडं गेले. ती कणीक मळत होती.

"सुकरे, उद्या काय इचारणार आहेस, ते आधी सांग ना जरा."

"नीही सांगत."

"अगं, का पण?"

"तू पोसांना लिहून देशील," ती म्हणाली, आणि कणकेचा गोळा उलटा करून पुन्हा मळायला लागली.